गाठी मारलेली दोरी : खलाशांच्या हातातले विज्ञान

अरबी समुद्रात चक्रीवादळ तयार झाले की हवामान खात्याची पत्रके निघू लागतात. त्यात वाऱ्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये असतो, तसाच ‘नॉट’मध्येही असतो. नॉट म्हणजे गाठ. किनाऱ्याजवळच्या एका शाळेत आम्ही समुद्राविषयी बोलत होतो, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. “वेग गाठीत कसा मोजतात? गाठ तर दोरीला असते.”

प्रश्न अगदी बरोबर होता. वेगाचे हे एकक खरोखरच दोरीच्या गाठीतून आलेले आहे. उत्तर शोधू लागलो तेव्हा आमच्या लक्षात आले, की शिडाच्या जहाजांच्या काळात दोर ही केवळ बांधण्याची वस्तू नव्हती. ती मोजपट्टी होती, नोंदवही होती, आणि फावल्या वेळात करमणुकीचे साधनही होती. ही साधने बनवणाऱ्यांपैकी पुष्कळांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही त्यांच्या गाठींत भूमिती होती, त्रैराशिक होते आणि मसाविसुद्धा होता.

फळीचा तुकडा आणि फिरकी

मोकळ्या समुद्रात चारी बाजूंना पाणीच पाणी. जहाज किती वेगाने चालले आहे हे कळायचे कसे? रस्त्यावर मैलाचे दगड असतात, इथे एकही स्थिर खूण नाही. यावर खलाशांनी शोधलेला उपाय असा, की आपणच एक खूण पाण्यात टाकायची आणि आपण तिच्यापासून किती दूर गेलो ते मोजायचे. ग्रेव्हसेंडच्या विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाने १५७४ साली छापलेल्या आपल्या नौकानयनाच्या पुस्तकात या युक्तीचे वर्णन केले आहे.

पुढे या साधनाला ठरावीक रूप आले. पाव वर्तुळाच्या आकाराची एक लाकडी फळी घ्यायची. तिच्या गोल कडेला शिसे बसवायचे, म्हणजे ती पाण्यात उभी तरंगते. उभी फळी पाण्याला आडवी येते, म्हणून जहाजामागे ओढली न जाता जवळजवळ जागच्या जागी राहते. फळीला लांब दोरी, दोरी फिरकीवर गुंडाळलेली, आणि दोरीवर ठरावीक अंतरावर गाठींच्या खुणा.

हे काम तिघांचे. एक जण फिरकी डोक्याच्या वर धरी, दुसरा वाळूचे घड्याळ सांभाळी आणि तिसरा फळी जहाजाच्या मागे सोडून दोरी हातातून सरकू देई. जहाजामागच्या खळबळत्या पाण्यातून फळी बाहेर पडेपर्यंतची सुरुवातीची दोरी मोजत नसत. तिच्या शेवटी एक चिंधी बांधलेली असे. चिंधी हाताला लागली की घड्याळ उलटे करायचे. वाळू संपली की दोरी पकडायची. तेवढ्या वेळात जितक्या गाठी हातातून गेल्या, तितके सागरी मैल दर तासाला.

हे कसे जमते? साधे त्रैराशिक आहे. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, आणि एक तास म्हणजे ३६०० सेकंद. घड्याळ २८ सेकंदांचे असेल तर दोन गाठींमधले अंतर १८५२ × २८ ÷ ३६००, म्हणजे सुमारे १४.४ मीटर हवे. जुन्या इंग्रजी मापात हे सव्वासत्तेचाळीस फूट होते. एकदा गाठी नेमक्या अंतरावर मारल्या की पुढे आकडेमोड करायची गरजच नाही. जो गुणाकार-भागाकार करायचा तो दोरीतच बांधून ठेवलेला. खलाशाने फक्त मोजायचे.

या फळीला इंग्रजीत ‘लॉग’ म्हणत. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. तिच्या नोंदी ज्या वहीत उतरवत ते ‘लॉगबुक’. आज प्रयोगशाळेत आम्ही दररोज ज्या वहीत निरीक्षणे लिहितो, तिलाही आम्ही लॉगबुकच म्हणतो.

मैल नेमका केवढा?

पण इथे एक गोम होती. गाठींचे अंतर ठरवायचे तर सागरी मैलाची लांबी माहीत हवी. सागरी मैल म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. अंश केवढा, हे पृथ्वीच्या आकारमानावर अवलंबून. आणि सोळाव्या शतकात ते कोणालाच नेमके ठाऊक नव्हते. इंग्रज खलाशी मैल ५००० फुटांचा धरत. त्यांचे घड्याळ ३० सेकंदांचे, म्हणजे तासाचा १२० वा भाग. ५००० भागिले १२० म्हणजे जवळजवळ ४२ फूट. म्हणून त्यांच्या दोरीवर ४२ फुटांवर गाठी असत.

रिचर्ड नॉरवुड नावाचा गणिताचा एक शिक्षक होता. ११ जून १६३३ रोजी त्याने लंडनला दुपारच्या सूर्याची उंची मोजली. दोन वर्षांनी, १६३५ मध्ये त्याच तारखेला, यॉर्कला मोजली. फरक २ अंश २८ कलांचा आला. या दोन शहरांमधले अंतर त्याने बहुतेक ठिकाणी साखळीने आणि जिथे साखळी लावता आली नाही तिथे पावलांनी मोजले. रस्त्याची वळणे आणि चढउतारही हिशेबात घेतले. त्याचे उत्तर आले : एक अंश म्हणजे ३,६७,१९६ फूट. आजच्या मापनाशी ताडून पाहिले तर यात एक टक्कासुद्धा चूक नाही. या हिशेबाने सागरी मैल सुमारे ६१२० फुटांचा होतो आणि ३० सेकंदांच्या घड्याळासाठी गाठी ५१ फुटांवर हव्यात. १६३७ साली नॉरवुडने हे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

आपल्याला वाटेल, की झाले, सगळ्यांनी दोऱ्या बदलल्या असतील. तसे घडले नाही. पुढे कितीतरी वर्षे पुष्कळ खलाशी जुनीच दोरी वापरत राहिले. त्यामागे निव्वळ हट्ट नव्हता, एक तर्कही होता. गाठी जवळ जवळ असल्या की जास्त मोजल्या जातात. प्रत्यक्षात ८२ मैल चाललेले जहाज वहीत १०० मैल चाललेले दिसते. किनारा जवळ आला असे आधीच वाटते आणि खलाशी सावध होतो. जहाज वहीच्या पुढे जाण्यापेक्षा वही जहाजाच्या पुढे असलेली बरी, असा हा विचार.

हा तर्क कुठे टिकतो आणि कुठे कोसळतो, हे वरच्या वर्गातल्या मुलांना जरूर विचारावे. धोका समोर असेल तर तो ठीक आहे. पण एखादे खडकाळ भूशिर ओलांडून मग वळायचे असेल तर? वही म्हणते, भूशिर मागे पडले. जहाज मात्र अजून त्याच्या अलीकडेच आहे. रात्रीच्या अंधारात सुकाणू फिरवले की गाठ थेट खडकाशी. मापनातली चूक कायम आपल्याच बाजूने राहील असे गृहीत धरणे किती धोक्याचे असते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

शिवाय दोरीचेही स्वभाव असतात. तागासारख्या धाग्यांची दोरी भिजली की आखडते, ताणली की लांबते. वाळूच्या घड्याळाचे भोक झिजून मोठे होते, दमट हवेत वाळू अडकते. म्हणून दोरी आणि घड्याळ दोन्ही पुन्हा पुन्हा तपासावी लागत. उपकरण तपासून घेणे याला आज आपण अंशांकन म्हणतो. ते काम डेकवर मोजपट्टी घेऊन चाले. १८५२ मीटर हा सागरी मैल आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरला तो १९२९ साली, आणि तोवर शिडांची जहाजे जवळपास इतिहासजमा झाली होती.

अंधारात हाताने वाचायची दोरी

वेगाइतकीच महत्त्वाची दुसरी माहिती म्हणजे पाण्याची खोली. त्यासाठी शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडत. ही युक्ती फार प्राचीन आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, की इजिप्तचा किनारा अजून एक दिवसाच्या अंतरावर असताना दोरी सोडली तर अकरा वाव खोलीवर गाळ लागतो.

‘वाव’ हा आपल्या कोळी बांधवांचा रोजचा शब्द. दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर म्हणजे वाव. ते साधारण सहा फूट भरते. इंग्रजी ‘फॅदम’ या मापाचा मूळ अर्थही पसरलेले हात असाच आहे. दोरी ओढणारा माणूस दोन हातांनी ती ओढतो, तेव्हा प्रत्येक ओढीला वाव आपोआप मोजला जातो. दोन किनाऱ्यांवरच्या माणसांना एकच माप सुचले ते यामुळे.

इंग्रजी जहाजांवरच्या दोरीच्या खुणा पाहण्यासारख्या आहेत. दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन पट्ट्या. पाचवर पांढरे सुती कापड, सातवर लाल विरविरीत लोकरी कापड. दहावर भोक पाडलेले चामडे. तेरावर निळे जाड लोकरी कापड. पंधरा आणि सतरावर पुन्हा पांढरे आणि लाल. वीसवर दोन गाठी मारलेली दोरी. एवढी वेगवेगळी कापडे कशासाठी? रंग दिवसा दिसतात, रात्री नाही. अंधारात खलाशी खूण बोटांनी चाचपे, बोटे थंडीने बधिर झाली असली तर ओठांना लावून पाही. दृष्टिहीन मुलांसाठी शैक्षणिक साधने बनवणाऱ्या शिक्षकांना यात बरेच घेण्यासारखे आहे.

शिशाच्या तळाला एक खळगा असे. त्यात चरबी भरत. तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा चरबीला चिकटून वर येई. अनुभवी माणूस त्यावरून आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधी. मिसिसिपी नदीवर आगबोटी चालत तेव्हा दोन वावांची खूण लागली की ‘मार्क ट्‌वेन’ अशी आरोळी देत. तिथे काही वर्षे आगबोट चालवणाऱ्या सॅम्युअल क्लेमेन्सने पुढे हेच शब्द आपले टोपणनाव म्हणून घेतले.

दातात धरायची गाठ

आता आपल्या समुद्राकडे येऊ. अरबी समुद्रात आणि हिंदी महासागरात अरब व भारतीय तांडेल एक साधन वापरत. त्याचे नाव ‘कमाल’. लाकडाची एक छोटी आयताकृती फळी, तिच्या मध्यातून ओवलेली दोरी आणि दोरीवर गाठी. बस्स, एवढेच. एक गाठ दातात धरायची, दोरी ताणून फळी डोळ्यांसमोर उभी धरायची. फळीची खालची कड क्षितिजाला टेकवली आणि वरची कड ध्रुवताऱ्याला टेकली, तर आपण त्या गाठीच्या अक्षांशावर आहोत.

प्रत्येक गाठ म्हणजे जणू एक बंदर. निघताना आपल्या बंदराची गाठ मारून ठेवायची. परतताना ध्रुवतारा त्याच गाठीला बसेपर्यंत उत्तरेला किंवा दक्षिणेला जायचे, आणि मग सरळ पूर्वेला वळायचे. ताऱ्याची उंची मोजण्याचे त्यांचे एकक होते ‘इस्बा’, म्हणजे बोट. पूर्ण वर्तुळात २२४ बोटे, म्हणून एक बोट सुमारे १ अंश ३६ कलांचे.

वास्को द गामा १४९८ च्या एप्रिलमध्ये आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून निघाला तो स्थानिक वाटाड्या सोबत घेऊन. पोर्तुगीज साधनांत हा वाटाड्या गुजराती असल्याचा उल्लेख येतो. मे महिन्यात ही जहाजे कालिकतजवळ पोहोचली. त्या वेळी हिंदी महासागर ओलांडण्याची विद्या इथल्या खलाशांकडे होती. पुढे पोर्तुगीज खलाशीही या फळ्यांच्या परिचयाचे झाले. १८३६ साली जेम्स प्रिन्सेपने अरबांच्या नौकानयनाच्या साधनांवर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात टिपण लिहिले. अशोकाची ब्राह्मी लिपी वाचणारा तोच हा प्रिन्सेप.

कमाल वर्गात सहज बनवता येतो. बरोबर १० सेंटिमीटर उंचीची पट्टी घ्या. तिच्या मध्यात भोक पाडून दोरी ओवा. फळीपासून या अंतरांवर गाठी मारा : सुरत (२१ अंश) २७ सेंटिमीटर, मुंबई (१९ अंश) ३० सेंटिमीटर, रत्नागिरी (१७ अंश) साडेतेहेतीस सेंटिमीटर, कोची (१० अंश) ५७ सेंटिमीटर. दक्षिणेला जावे तसा ध्रुवतारा खाली येतो, कोन लहान होतो आणि दोरी लांब लागते. नववी-दहावीच्या मुलांनी अर्ध्या कोनाच्या स्पर्शिकेवरून (टॅन) ही अंतरे स्वतः काढून पाहावीत.

आम्ही पहिला कमाल केला तो घरात सापडलेल्या सुती दोऱ्याचा. मुंबईच्या आकाशात मोजले तर आम्ही रत्नागिरीच्या वाटेवर निघालो. दोरा ताणून लांबला होता. मुंबईच्या गाठीत एका सेंटिमीटरची चूक म्हणजे जवळजवळ ०.६ अंश, म्हणजेच समुद्रावर ६५ ते ७० किलोमीटर. आमचे त्यात काही गेले नाही. तांडेलाचे बंदर चुकले असते.

गाठ धरते कशी?

निरगाठ आणि सुरगाठ हे दोन सुंदर शब्द आपल्या भाषेत आहेत. एक घट्ट बसते, दुसरी ओढताच सुटते. खलाशाला तिसरी गाठ हवी असते. ओझे असताना अजिबात सुटू नये, ओझे उतरले की चटकन सुटावी. कारण वादळात शीड उतरवायला उशीर झाला तर माणसे जातात.

गाठ धरते ती घर्षणामुळे. दोर खांबाभोवती गुंडाळला तर काय होते याचे गणित अठराव्या शतकात ऑयलरने मांडले. घर्षणाचा गुणांक ०.२५ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने आपली ताकद पावणेपाच पटीहून थोडी जास्त होते, दोन वेढ्यांनी सुमारे २३ पट, तीन वेढ्यांनी सुमारे १११ पट. वेढे वाढतात बेरजेने, पकड वाढते गुणाकाराने. म्हणून धक्क्यावरच्या खांबाला तीन वेढे घालून एक माणूस मोठे गलबत रोखून धरू शकतो. झाडूच्या दांड्याला दोरी गुंडाळून मुलांना हे दोन मिनिटांत अनुभवता येते.

दोर गुळगुळीत झाला की ही पकड कमी होते. काथ्याच्या दोरात पक्की बसणारी गाठ नायलॉनमध्ये निसटू शकते, तिथे एखादा वेढा जास्त लागतो. स्काउटमध्ये शिकवतात ती रीफ नॉट पट्टी बांधायला उत्तम. पण ओझे पेलण्यासाठी दोन दोर जोडायला ती वापरणे जिवावर बेतू शकते.

शोभा की उपयोग?

लांबच्या सफरींत, विशेषतः एकोणिसाव्या शतकातल्या देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर, खलाशांना फावला वेळ असे आणि जुन्या दोरांचा ढीगही असे. ते दोर उसवून त्यांनी घंटेच्या दोऱ्या, पेट्यांच्या मुठी, चटया, पिशव्या, सुऱ्यांची आवरणे विणली. आपल्याकडच्या घरांत लोणी-दूध टांगायचे शिंके ज्या कौशल्याने विणत, त्याच जातीचे हे काम.

यातली बरीच शोभा उपयोगाचीही होती. पागोट्यासारखी दिसणारी ‘टर्क्स हेड’ ही गोल गाठ सुकाणूच्या चाकाच्या एका आरीवर विणत. ती आरी वर आली की सुकाणू सरळ आहे, हे अंधारात हातालाच कळे. ‘मंकीज फिस्ट’ म्हणजे माकडाची मूठ ही चेंडूसारखी गाठ धक्क्यावर दोरी फेकताना टोकाला वजन म्हणून वापरतात. तिच्यात शिसे किंवा लोखंड लपवले तर ती दूर जाते, पण धक्क्यावरच्या कामगाराच्या डोक्यात बसली तर प्राणावर बेतते. म्हणून असे जड वजन घालायला आता मनाई असते.

टर्क्स हेडमध्ये एक सुरेख गणित दडले आहे. शेजारी शेजारी जाणारे सर मोजा आणि कडेच्या पाकळ्या मोजा. दोन्ही संख्यांचा मसावि १ असेल तरच ती एका सलग दोरीने विणता येते. ३ सर आणि ४ पाकळ्या, जमते. ३ आणि ६, जमत नाही. तिथे तीन वेगळ्या दोऱ्या लागतात. ४ आणि ६ ला दोन. मसावि जितका, तितक्या दोऱ्या.

याचा पडताळा वेणीने घ्यावा. तीन रंगांच्या दोऱ्यांची नेहमीची तिपेडी वेणी घाला. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, अशी एक जोडी. चार जोड्या झाल्या की वेणी गोल करून समोरासमोरची टोके जोडा. तिन्ही रंग मिळून एकच लांब दोरी होते. तीनच जोड्या घातल्या तर तीन वेगळी कडी मिळतात. गंमत अशी, की त्यांतली कोणतीही दोन एकमेकांत अडकलेली नसतात, तरी तिन्ही मिळून सुटत नाहीत. एक कापले की बाकीची दोन मोकळी.

कोणी लिहून ठेवले म्हणून

हा मसाविचा नियम, आणि त्याबरोबर ३८०० हून अधिक गाठींच्या नोंदी, क्लिफर्ड अ‍ॅश्ले या अमेरिकन चित्रकाराच्या ग्रंथात आहेत. तो न्यू बेडफर्ड या देवमाशांच्या शिकारीच्या बंदरात जन्मला आणि १९०४ साली अशा एका जहाजावरून स्वतः जाऊन आला. खलाशांपासून खाटकांपर्यंत ज्याला ज्याला गाठी येत होत्या त्याच्याकडून तो शिकला. अकरा वर्षे खपून सुमारे ७००० चित्रांसह त्याने हा ग्रंथ पुरा केला. तो १९४४ साली निघाला. तोवर ती जहाजे जवळजवळ संपली होती. तो बंदरांत फिरला नसता तर यातले बरेचसे ज्ञान ते जाणणाऱ्यांबरोबरच गेले असते.

आपल्याकडेही काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून जहाजे बांधत. २१ मे २०२५ रोजी कारवारला भारतीय नौदलात ‘कौंडिण्य’ हे असे शिवलेले जहाज दाखल झाले. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रातल्या जहाजावरून त्याची रचना केली आणि ते गोव्यात बांधले. चित्रात जहाजाचा आकार मिळाला. शिवायचे कसे, हे मात्र चित्रात नव्हते. ते ज्यांच्या हातात अजून शिल्लक होते त्या केरळच्या कारागिरांना बोलवावे लागले.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. आपल्या शाळेतल्या मुलांच्या घरी जाळे विणणारे, दावी वळणारे, शिंकी करणारे कोणी आजी-आजोबा असतील. त्यांना एक दिवस वर्गात बोलवा. मुलांना त्या गाठी शिकू द्या, त्यांची चित्रे काढू द्या, त्या गाठींना घरात काय म्हणतात ते लिहून घेऊ द्या. त्या सातवीतल्या मुलीला आम्ही उत्तर दिले, तेव्हा तिने लगेच सांगितले, की तिचे आजोबा अजूनही जाळे वावानेच मोजतात. तिच्या वहीत त्या दिवशी आजोबांच्या चार गाठी उतरल्या. त्यांतल्या दोन आम्हांला अजून मारता येत नाहीत.